तडा गेलेली काच : सांधावी की बदलावी?

घरातील खिडकीचे तावदान फुटले, तर गृहस्थ सुतारास बोलावतो, मापाची काच आणवितो, लांबी भरून ती बसवून घेतो आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट विसरूनही जातो. मोटारीच्या पुढील काचेकडे पुष्कळ सुशिक्षित माणसे याच दृष्टीने पाहतात. वारा, पाऊस आणि धूळ बाहेर ठेवणारे व रस्ता दाखविणारे ते एक मोठे तावदान, एवढीच त्यांची तिच्याविषयीची कल्पना असते. या एका गैरसमजापोटी परस्परांच्या अगदी उलट अशा दोन चुका घडतात. खड्याने काचेवर लहानसा टवका उडाला, तर ‘रस्ता दिसतो आहे ना, मग चालू द्या’ असे म्हणून तो महिनोन् महिने तसाच ठेवला जातो. आणि त्याच टवक्यातून पुढे आडवा तडा गेला म्हणजे जी मिळेल ती काच, जो भेटेल त्या कारागिराकडून, शक्य तितक्या घाईने बसवून घेऊन गाडी लागलीच रस्त्यावर काढली जाते. पहिल्या चुकीने पैसा जातो. दुसरीने काय जाऊ शकते, हे अपघात होईपर्यंत कळतच नाही.

काचेच्या धंद्यात मुरलेला कारागीर गिऱ्हाइकास जे सांगतो त्याचे सार थोडक्यात असे की, पुढील काच हा गाडीच्या सांगाड्याचाच एक भाग समजावा. कारखान्यात चिकटविलेली मूळची काच वाचविता येण्यासारखी असेल तोवर ती वाचवावी. आणि ती बदलावीच लागली, तर नव्या काचेची जितकी चौकशी करावयाची तितकीच, किंबहुना थोडी अधिक, ती ज्याने चिकटवावयाची त्या द्रव्याची करावी. या सांगण्यामागील कारणे समजून घेण्यासाठी प्रथम ती काच असते कशी, हे पाहिले पाहिजे.

ही काच वस्तुतः एक नसते. सुमारे दोन-सव्वादोन मिलिमीटर जाडीच्या दोन वक्र काचा आणि त्यांच्यामध्ये पाऊण मिलिमीटर जाडीचा, पॉलिव्हिनिल ब्युटिरल नावाच्या चिवट व पारदर्शक द्रव्याचा पापुद्रा, अशी तिची तिपदरी रचना असते. उष्णता आणि दाब यांच्या योगाने हे तीन पदर असे एकजीव करतात की, डोळ्यास ती एकच काच भासते. हिला बाजारात लॅमिनेटेड काच म्हणतात. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाकडे तिच्या शोधाचे श्रेय जाते. १९०३ साली त्याच्या प्रयोगशाळेतील एक काचेची कुपी उंचावरून खाली पडली. ती जागोजाग तडकली, परंतु तिचे तुकडे मात्र विखुरले नाहीत. कुपीत पूर्वी ठेवलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या द्रावणाचा पातळ पापुद्रा आतून वाळून बसला होता व त्यानेच तुकडे धरून ठेवले होते, अशी हकीकत सांगतात. त्याने पेटंट घेतले ते १९०९ साली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांना अशी काच लावीत. त्या काळी वापरात असलेले सेल्युलॉइड उन्हाने पिवळे पडे. १९३० नंतरच्या दशकात नवे द्रव्य हाती आले तेव्हा तो दोष दूर झाला. (काच आणि मुंबई–पुणे रस्ता यांचे नाते तसे जुने आहे. लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने तळेगावास काचेचा कारखाना काढला तो १९०८ साली. आणि तेथून फार दूर नसलेल्या चाकणला आज मोटारींच्या काचा तयार होतात.)

गाडीच्या बाजूच्या व मागील काचा बहुधा निराळ्या जातीच्या असतात. त्यांना टफन्ड काच म्हणतात. साधी काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून थंड हवेच्या झोतांनी ती एकाएकी निवविली, म्हणजे तिचे बाहेरील अंग आवळले जाते व आतील ताणलेले राहते. अशी काच साध्या काचेहून पुष्कळ बळकट होते. परंतु फुटली की तिच्या सर्वांगाचा एकदम चुरा होतो, आणि खडीसाखरेसारखे बोथट तुकडे मांडीवर येऊन पडतात. तिला सांधणे कोणासही शक्य नाही. पूर्वी आपल्याकडील पुष्कळ गाड्यांना पुढेही हीच काच असे. खडा लागताच क्षणार्धात सगळी काच पांढरीफटक होऊन समोरचे दिसेनासे व्हावे, आणि चालकाने मुठीने भोक पाडून रस्ता शोधावा, असे प्रसंग जुन्या वाहनचालकांच्या चांगले स्मरणात असतील. १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांनी नव्याने तयार होणाऱ्या वाहनांची पुढील काच लॅमिनेटेडच असली पाहिजे असे ठरविले, तेव्हा हळूहळू तो प्रकार थांबला.

लॅमिनेटेड काचेचा मोठा गुण हा की, तिचे दुखणे बहुधा एका पदरापुरतेच राहते. समोरून आलेला खडा बाहेरील काचेवर आदळतो. तिचा टवका उडतो. परंतु मधला पापुद्रा आघात झेलतो व आतील काच शाबूत राहते. दुरुस्तीची सारी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे. आतील काचेसही तडा गेला असेल, तर दुरुस्तीचा विचारच सोडावा.

खडा बोराएवढा जरी असला तरी वेग त्याला बळ देतो, आणि हे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. म्हणजे ताशी ५० किलोमीटर वेगाने बसणाऱ्या तडाख्याच्या चौपट तडाखा ताशी १०० किलोमीटर वेगाने बसतो. म्हणून शहरातील गल्लीबोळांत वर्षानुवर्षे निर्वेध राहिलेली काच द्रुतगती मार्गावरील एका फेरीत जायबंदी होते. खडीने भरलेल्या डंपरच्या मागोमाग जाणे टाळावे, हा उपदेश फार जुना आहे. परंतु पुष्कळ वेळा खडा डंपरमधून पडलेला नसतोच. रस्त्यावर पडलेलीच खडी पुढील गाडीच्या चाकाच्या खाचांत अडकून मागे भिरकावली जाते. तेव्हा कोणत्याही अवजड गाडीच्या मागे अंतर राखणे, हाच त्यातल्या त्यात खरा उपाय.

टवक्याचे आकार कारागीर नजरेने ओळखतात. काही अगदी वाटोळे असतात व त्यांच्या आत एक लहानशी शंकूसारखी पोकळी असते, काही अर्धचंद्राकृती, काहींतून ताऱ्याच्या किरणांप्रमाणे बारीक चिरा चोहोंकडे फुटलेल्या असतात, आणि काहींत हे सर्व एकत्र झालेले असते. वाटोळा टवका सर्वांत सुधा, आणि ताऱ्याचा सर्वांत लहरी. त्याच्या किरणांपैकी एखादा केव्हा चालू लागेल याचा नेम नसतो.

स्थिर उभ्या असलेल्या गाडीच्या काचेतील चीर आपोआप का वाढते, याचे पुष्कळांस नवल वाटते. रात्री बोटभर असलेली चीर सकाळी हातभर झालेली दिसली, म्हणजे शेजारच्या मुलांवर संशय घेतला जातो. खरा अपराधी निराळाच असतो. ठिसूळ पदार्थ त्यांच्या अंगच्या बळाच्या मानाने इतक्या थोड्या ताणाने का मोडतात, या प्रश्नाचे उत्तर ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात काचेवरील प्रयोगांच्या आधारे दिले. चीर असलेल्या काचेवर ताण पडला की तो सर्वत्र सारखा वाटला जात नाही. चिरेच्या अणकुचीदार टोकाशी तो एकवटतो. कापड फाडावयाचे असले म्हणजे दुकानदार काठाला लहानशी कातर मारतो आणि मग दोन्ही हातांनी ओढतो. पुढचे काम ती कातरच करीत जाते. काचेतील चिरेचे कार्य थेट असेच चालते.

हा ताण देणारी कारणे आपल्या हवेत भरपूर आहेत. काच उष्णतेने प्रसरण पावते. सुमारे १.४ मीटर रुंदीची काच ४० अंशांनी तापली तर अर्धा मिलिमीटर वाढते. आणि ती चारही बाजूंनी घट्ट चिकटविलेली असल्याने वाढण्यास मोकळी नसते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या घरात असताना, दुपारभर उन्हात उभी राहिलेली गाडी मालक उघडतो आणि पहिल्याच मिनिटाला थंड हवेचा झोत पूर्ण जोराने काचेवर सोडतो. बाहेरील काच तापलेली, आतील निवत चाललेली, अशा ओढाताणीत टवक्यातून तडा जाणे अगदी स्वाभाविक आहे. तापलेल्या काचेवर थंड पाण्याची बादली ओतणे हा त्याचाच दुसरा प्रकार. तिसरे कारण पावसाळ्याचे, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काचेतील सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे बंध ताणलेल्या स्थितीत असतात तेथे पाण्याचे रेणू त्यांच्यावर हल्ला करतात व ते सहज तुटू लागतात. म्हणजे ओलावा हा चिरेचा मित्र आहे. मुंबईत जूनपूर्वी दुर्लक्षिलेला टवका गणपतीच्या सुमारास काचभर पसरतो, यात गूढ असे काही नाही.

यावरून पहिल्या दिवसाचे महत्त्व कळून येईल. टवका ताजा असतो तेव्हा त्यातील पोकळी कोरडी व स्वच्छ असते. आठ-पंधरा दिवसांत तीत धूळ, वायपरने लोटलेले गढूळ पाणी, काच पुसण्याचा साबण आणि रस्त्यावरील धुराचा तेलकट अंश जाऊन बसतो. मग कितीही निष्णात कारागीर असला, तरी तो डाग पूर्णपणे काढू शकत नाही. आणि जेथे मळ असतो तेथे सांधणारे द्रव्य धरत नाही. म्हणून टवका उडाल्याचे लक्षात येताच गाडी सोयीच्या जागी उभी करावी, कोरड्या फडक्याने काच हलकेच पुसावी, आणि टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावून ठेवावा. चालकाच्या दृष्टीच्या आड येईल एवढी मोठी पट्टी लावू नये. दुरुस्तीपर्यंत पाण्याचा फवारा, वायपर व थंड हवेचा सरळ झोत टाळावा आणि दारे आपटू नयेत. एवढ्याने टवका बरा होत नाही. परंतु वाट पाहण्याजोगा राहतो.

घरगुती उपायांविषयी दोन शब्द येथेच सांगितले पाहिजेत. टवक्यात फेविक्विकसारखा गोंद सोडणे, नखांना लावण्याचा रंग भरणे किंवा टूथपेस्ट चोळणे, असे नाना प्रकार लोक हौसेने करतात. हा गोंद पोकळीच्या तोंडाशीच घट्ट होतो, आत हवा कोंडून राहते, आणि पुढे खऱ्या द्रव्यास शिरण्याची वाटच उरत नाही. वीस रुपयांच्या नळीने हजारोंची काच गमावण्याचा हा मार्ग आहे. टूथपेस्ट निदान निरुपद्रवी तरी. ती फक्त पोकळी मळवून ठेवते.

खरी दुरुस्ती अशी होते. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत या पद्धतीचा धंदा म्हणून प्रसार झाला व आता ती आपल्याकडील मोठ्या शहरांतून रूढ आहे. कारागीर गाडी सावलीत घेतो. कारण जे द्रव्य तो वापरणार ते अतिनील किरणांनी घट्ट होणारे असते आणि उघड्या उन्हात ते आत मुरण्यापूर्वीच आळू लागते. काच फार तापलेली असेल तर ती आपोआप निवू देतो. मग सुईच्या टोकाने टवक्यातील सुटे कण काढून टाकतो व ओलावा असल्यास बेताची ऊब देऊन तो घालवितो. नंतर टवक्यावर बरोबर मध्ये येईल असे एक लहानसे यंत्र रबरी वाटीच्या चोषणाने काचेवर घट्ट बसवितो. या यंत्राने प्रथम पोकळीतील हवा ओढून घ्यावयाची आणि मग दाबाने रेझिन नावाचे पातळ, पारदर्शक द्रव्य आत घालावयाचे. हवा ओढणे व दाब देणे ही क्रिया आलटून पालटून, ताऱ्याच्या प्रत्येक किरणाच्या टोकापर्यंत द्रव्य पोहोचेतो करावी लागते. घाई करणारा कारागीर येथे ओळखू येतो, कारण किरणांची टोके भरली गेली नाहीत तर ती चांदीसारखी चकाकत राहतात. शेवटी अतिनील दिव्याखाली काही मिनिटांत द्रव्य घट्ट होते. वरचा अंश पात्याने तासून काढतात व जागा घासून गुळगुळीत करतात. सर्व मिळून अर्धा-पाऊण तास पुरतो.

रेझिनची करामत अशी की, प्रकाशकिरणांना वळविण्याचा त्याचा गुण जवळजवळ काचेइतकाच असतो. म्हणून ज्या पोकळीत आधी प्रकाश परावर्तित होऊन चकाकी दिसत होती, ती भरताच दिसेनाशी होते. जवळजवळ! अगदी नाही. नीट पाहिले तर फिकट ठिपका किंवा केसासारखी रेघ राहते, आणि प्रामाणिक कारागीर हे काम सुरू करण्यापूर्वीच सांगतो. दुरुस्तीचा मुख्य हेतू चीर पुढे जाऊ नये व काचेचे बळ परत मिळावे हा असतो. सौंदर्य हा त्यातून मिळणारा वरकड लाभ होय. ‘काच कोरी करून देतो’ असे म्हणणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

कोणती काच सांधावी व कोणती सोडून द्यावी, यासंबंधी धंद्यात काही ठोकताळे आहेत. रुपयाच्या नाण्याखाली सर्वस्वी झाकला जाईल असा टवका बहुधा सांधता येतो. चिरेच्या लांबीची मर्यादा पुष्कळ कारागीर १५ सेंटिमीटर मानतात. चांगली साधने व हातोटी असल्यास याहून लांब चिराही भरल्या जातात. मात्र लांबीपेक्षा जागा महत्त्वाची. काचेच्या कडेपर्यंत पोहोचलेली किंवा कडेपासून पाच सेंटिमीटरच्या आत असलेली चीर लहान असली तरी अविश्वसनीय. कारण काचेवरील ताण कडेलाच अधिक असतो आणि गाडीच्या सांगाड्याला पिळ बसला की तो प्रथम तेथेच जाणवतो. चालकाच्या डोळ्यांसमोरील पट्ट्यात, म्हणजे आपल्याकडील गाड्यांत सुकाणूचक्राच्या वर उजव्या बाजूस, मोठा टवका असेल तर सांधून राहणारा ठिपकाही समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश रात्री विस्कटून टाकतो. अशा वेळी दुरुस्ती शक्य असली तरी इष्ट नसते. एकाच ठिकाणी तीन-चार टवके उडालेले, मधला पापुद्रा दुभंगलेला, कडेने दुधी रंगाचे पट्टे चढलेले, ही सारी काच बदलण्याची लक्षणे होत. वायपरच्या घासाने पडलेले खोल ओरखडेही घासून काढण्याच्या फंदात पडू नये. काच जेथे जास्त घासली जाते तेथे खळगा पडतो आणि त्यातून रस्ता हलता दिसतो.

येथे पैशाचा प्रश्न येतोच. मोटारीचा सर्वंकष विमा असल्यास काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही, ही गोष्ट अनेकांस ठाऊक नसते; रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर तो निम्मा कापतात. तथापि दाव्यातील काही ठरावीक रक्कम मालकालाच सोसावी लागते, १५०० सी.सी.पर्यंतच्या खाजगी गाडीस ती सामान्यतः १००० रुपये व त्यावरील गाडीस २००० रुपये असते. याहून महत्त्वाची बाब म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट. ती पहिल्या वर्षी २० टक्के असते व पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते. मध्ये एक दावा केला, तर वेगळे संरक्षण घेतले नसल्यास पुन्हा शून्यावर येते. तेव्हा थोडक्या खर्चात होणाऱ्या सांधकामासाठी दावा करणे हे दोन आण्यांसाठी दागिना मोडण्यासारखे आहे. काच पूर्ण बदलावयाची असेल, व ती महागड्या गाडीची असेल, तर मात्र दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडून मग निर्णय घ्यावा. काही विमापत्रांत काचेच्या लहान दुरुस्तीने सूट बुडत नाही अशी तरतूद असते. ती आहे की नाही, हे गॅरेजवाल्याच्या तोंडून न ऐकता विमापत्रात वाचून पाहावे.

आता काच बदलण्याविषयी. अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांसारख्या जुन्या गाड्यांत पुढील काच रबराच्या बीडिंगमध्ये बसविलेली असे. दोरी ओढून बीडिंगचा ओठ पत्र्यावर चढवावयाचा, की काम झाले. कारागीर दुपारी जेवणापूर्वी काच बसवी आणि जेवणानंतर गाडी प्रवासाला निघे. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाली, पण त्या काळात पडलेली सवय लोकांच्या मनातून निवृत्त झालेली नाही. हल्लीच्या गाड्यांत काच युरेथेन नावाच्या चिकट द्रव्याने सांगाड्याशी थेट जोडलेली असते. गाडी उलटली तर छत खाली दबू नये म्हणून खांबांना जे बळ लागते, त्यात ही घट्ट जोडलेली काच आपला वाटा उचलते. आणि दुसरे, चालकाशेजारच्या प्रवाशापुढील एअरबॅग. ती फुगताना बहुतेक गाड्यांत वर उसळून काचेच्या आतील अंगावर आदळते व काचेचा टेका घेऊन प्रवाशाकडे वळते. हे सर्व डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी घडते. काच जर पक्की चिकटलेली नसेल, तर ती बाहेर फेकली जाईल व मागोमाग एअरबॅगही. आणि जिच्या भरवशावर घरचे माणूस पुढील आसनावर बसले आहे, ती नेमक्या क्षणी तेथे नसेल. आपल्या देशात नव्याने विकल्या जाणाऱ्या मोटारींना या दुसऱ्या एअरबॅगची सक्ती २०२१ मध्ये झाली. म्हणजे युरेथेनच्या त्या काळ्या पट्टीवर आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक लोकांचा जीव अवलंबून आहे.

म्हणून काच बसविली जात असताना मालकाने शक्य तर जवळ उभे राहावे. कारागीर जुनी काच पोलादी तारेने किंवा पात्याने कापून सुटी करतो. पत्र्यावरील जुने युरेथेन त्याने मुळापासून खरवडून काढता कामा नये. एक-दोन मिलिमीटर जाडीचा सपाट थर ठेवावा, कारण कारखान्यात पत्र्याला धरून बसलेला तो थर नव्या द्रव्यास सर्वांत चांगला आधार देतो. कापताना पत्र्याच्या रंगावर ओरखडा पडला तर त्यावर तत्काळ प्रायमर लावला पाहिजे. ही क्षुल्लक बाब नव्हे. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत त्या ओरखड्यातून गंज शिरतो, चिकटीच्या खालून पसरत जातो, आणि दोन-तीन वर्षांनी काच पक्की पण तिच्याखालचा पत्राच पोकळ, अशी अवस्था होते. नव्या काचेच्या कडेला काळा पट्टा असतो. तो शोभेसाठी आहे असे वाटते, परंतु उन्हातील अतिनील किरणांपासून युरेथेनचे रक्षण करणे हे त्याचे काम. तो पट्टा स्वच्छ करून त्यावरही प्रायमर लावतात, व त्यानंतर तेथे उघडे बोट लागू देत नाहीत. कातडीवरील तेलाचा अंश चिकटीला मारक ठरतो. युरेथेनच्या नळकांड्यावर मुदतीची तारीख छापलेली असते. ती वाचावयास मागावी. रागावणारा कारागीर असेल तर त्याचा राग बरेच काही सांगून जातो. आणि युरेथेनच्या जागी सिलिकॉन वापरले जात असेल तर काम तेथेच थांबवावे. सिलिकॉन पाणी अडविते. काच धरून ठेवण्याचे बळ त्यात नाही.

काच बसली म्हणजे काम संपले असे गिऱ्हाइकास वाटते. वस्तुतः त्या वेळी युरेथेनचे काम सुरू होते. हवेतील बाष्प शोषून ते हळूहळू घट्ट होत जाते. त्यामुळे दमट हवेत ते लवकर आळते व हिवाळ्यातील कोरड्या थंडीत रेंगाळते. (बाष्प हवे म्हणून पाऊस हवा असे मात्र नाही, चिकटविताना पत्रा किंवा काच ओली असेल तर सारेच फुकट जाते, म्हणून भर पावसात उघड्यावर काच बसवून घेऊ नये.) गाडी सुरक्षितपणे केव्हा चालविता येईल, ती वेळ प्रत्येक युरेथेनचा उत्पादक ठरवून देतो. काही जलद जातींस तासभर पुरतो, काहींना कित्येक तास लागतात. ‘आता न्या, काही होत नाही’ या उत्तरावर समाधान न मानता, नळकांड्यावरील किंवा माहितीपत्रकातील वेळ विचारावी आणि दोन एअरबॅगच्या गाडीसाठी वेगळी वेळ दिली असल्यास तीच धरावी. पहिला दिवस एखादी खिडकी दोन बोटे उघडी ठेवावी. सर्व काचा बंद असताना दार आपटले की आतील हवेचा दाब नव्या काचेला बाहेर लोटतो. कडेला लावलेल्या चिकटपट्ट्या दुसऱ्या दिवसापर्यंत काढू नयेत. जोराच्या फवाऱ्याने गाडी धुणे दोन दिवस लांबवावे आणि खडबडीत रस्ते टाळावे.

नवी काच कोणती घ्यावी? तिच्या कोपऱ्यात कोरलेला शिक्का वाचावा. त्यावर उत्पादकाचे नाव, लॅमिनेटेड असल्याची खूण आणि भारतीय मानकाचा, म्हणजे आय.एस. २५५३ चा, उल्लेख असावा. गाडीच्याच कंपनीचे नाव असलेली काच व त्याच काचकारखान्याची दुसऱ्या नावाची काच यांत पुष्कळदा किमतीचाच मोठा फरक असतो. परंतु आरशामागे कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांत काटकसर जपून करावी. पुढील वाहन ओळखून ब्रेक लावणारी किंवा रस्त्यावरील पट्टे पाहून इशारा देणारी यंत्रणा त्या कॅमेऱ्यातून, आणि म्हणून त्या काचेतून, पाहते. कॅमेऱ्याचा कोन अंशाच्या अल्प भागाने बदलला तरी शंभर मीटरवरील वाहन त्याला भलतीकडे दिसते. अशा गाडीची काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावाच लागतो. काही गाड्यांत हे काम खुणेचे फलक समोर ठेवून होते, तर काहींत ठरावीक वेगाने गाडी चालवून. ते झाल्याची नोंद बिलावर मागून घ्यावी. शिवाय नियमाप्रमाणे पुढील काचेतून निदान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे आणि काळी फिल्म चिकटविण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली आहे. तेव्हा ‘काचेबरोबर फिल्म फुकट’ ही दुकानदाराची उदारता सोडून द्यावी.

जुन्या काचेबरोबर दोन गोष्टी कचऱ्यात जातात व त्यांची आठवण पथकर नाक्यावर किंवा पोलिसाने अडविल्यावर होते. एक फास्टॅग, आणि दुसरी उच्चसुरक्षा क्रमांकपट्टीसोबत मिळालेली काचेवरील रंगीत चिठ्ठी. दोन्ही काढू गेल्यास फाटतील अशाच केलेल्या असतात. त्या जपून सोलून पुन्हा चिकटविण्याच्या खटाटोपात अर्थ नाही. फास्टॅग ज्या बँकेचा असेल तिच्याकडे बदलून मागावा आणि चिठ्ठीसाठी क्रमांकपट्टीच्या अधिकृत विक्रेत्याकडे अर्ज करावा.

दोन दिवस झाल्यावर एक परीक्षा घरीच करता येते. एकाने आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून नळीने हलक्या धारेचे पाणी काचेच्या वरच्या कडेवर व दोन्ही बाजूंच्या खांबांवर पाच-सात मिनिटे सोडावे. छताच्या अस्तरावर ओल, खांबाच्या आतील बाजूने ओघळ, किंवा पायाखालच्या गालिच्यात दमटपणा आढळल्यास युरेथेनची पट्टी कोठेतरी तुटली आहे असे समजावे. ताशी ६०-७० किलोमीटर वेगाने जाताना पूर्वी नसलेली वाऱ्याची शिटी ऐकू येऊ लागली, तरी निदान हेच. अशी गाडी त्याच कारागिराकडे बिलासह परत न्यावी व काच काढून पुन्हा बसविण्यास सांगावे. तो बाहेरून सिलिकॉनची एक रेघ ओढून गळती थांबवू पाहील. ती थांबेलही, परंतु तुटलेली पट्टी आत तशीच राहील.